साइट झाली, पाठ कुठाय?

‘परवानगी मागा.’ बी.एड.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले की हल्ली हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त दिसतात. छात्राध्यापक गूगल साइट्सवर केलेल्या आपल्या साइटची लिंक देतो. पहिलं पान छान उघडतं. वर शाळेचा फोटो, मधोमध नाव, खाली सुविचार. ‘पाठ टाचण’ या शब्दांवर टिचकी मारली की पाठाऐवजी सूचना येते. फाइल ड्राइव्हमध्ये आहे, मालकाने ती कुणाला खुली केलेली नाही, पाहायची असेल तर परवानगी मागा. मुलगा घाबरतो. म्हणतो, “मॅडम, माझ्या लॅपटॉपवर तर दिसत होतं.”

दिसणारच. फाइल त्याची आहे. पण वर्षभरात ती दुसऱ्या कुणीच उघडून पाहिली नाही, हे त्या सूचनेतून मला कळलं. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने नाही, पाठाचं निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनीही नाही. उघडली असती तर ही कुलूपबंद फाइल पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती.

माझा राग त्या मुलावर नाही. त्याला ‘साइट करून आणा’ असं सांगणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत मी स्वतः अनेक वर्षं होते.

बी.एड. केलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ती फाइल असेल. कडेने आखलेले समास, हिरव्या स्केचपेनने लिहिलेली शीर्षकं, उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं दोन स्तंभांत, घटक नियोजन, संविधान तक्ता, सूक्ष्म पाठ, सेतू पाठ, सराव पाठ. शेवटी स्पायरल बाइंडिंग. परीक्षा झाली की फाइल कपाटात, दोन वर्षांनी रद्दीत. मधल्या काळात एखाद्या धाकट्या विद्यार्थ्याने ती मागून नेली तर त्याचीही फाइल त्याच टाचणांनी भरते. ज्या वर्गात तो पाठ घेतला ती मुलं गेली, शाळा बदलली, टाचण मात्र जसंच्या तसं पुढच्या वहीत उतरतं.

मग साइट्स आल्या. फुकट, कोड न लिहिता होणाऱ्या. चौकट ओढा, मजकूर टाका, ‘प्रकाशित करा’ दाबा. महाविद्यालयांनी काय केलं? फाइलचीच पानं फोनने टिपली आणि साइटवर चढवली. काही आडवी, काही अंधारात. स्केचपेनचा हिरवा रंगही तसाच. फाइल जमा केली की तिचं काम संपतं. साइटवर मात्र पाठ घेतल्यानंतर, परीक्षा झाल्यानंतर, नोकरी लागल्यानंतरही हात फिरवता येतो. हा एकच गुण घेण्यासारखा होता आणि तोच आपण घेतला नाही.

तो घेतला तर काय होतं, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

आमच्याकडच्या एका छात्राध्यापिकेचा पाचवीच्या वर्गावर अपूर्णांकांचा पाठ होता. फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले, एक भाग रंगवला आणि ‘पाव’ लिहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, आमच्याकडे आई चार तुकडे करते, पण दादाचा मोठा असतो. मग तोपण पावच का?” ती गडबडली. “नाही, भाग समान हवेत,” एवढं बोलून पुढे गेली. तासिका संपत आली होती आणि टाचणातल्या दोन पायऱ्या बाकी होत्या. निरीक्षण वहीत अभिप्राय आला: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुधारावे. मुलाच्या प्रश्नाबद्दल वहीत अक्षर नाही. ती वही मीच भरत होते.

त्या वर्षी आम्ही एक नियम केला होता. एका पाठाला साइटवर एक पान. वर टाचण, त्याखाली त्याच दिवशी लिहिलेलं ‘वर्गात काय झालं’, आणि त्याखाली सुधारलेला खर्डा. जुना खर्डा पुसायचा नाही. आणि प्रत्येकाने दर आठवड्याला दुसऱ्या कुणाचं तरी एक पान वाचून त्याखाली काहीतरी कामाचं लिहायचं. नुसतं ‘छान’ चालणार नाही.

तिने मुलाचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला. ‘मला उत्तर देता आलं नाही’ हेही लिहिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत तोच घटक घेणाऱ्या छात्राध्यापकाने ते वाचलं आणि आपला पाठ मुद्दाम वेड्यावाकड्या चार तुकड्यांच्या भाकरीपासून सुरू केला. त्याचा वर्ग वेगळ्याच जागी अडला. त्याने दोन सारखे कागद घेतले. एक मधोमध घडी घालून कापला, दुसरा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. एकाचे आयत झाले, दुसऱ्याचे त्रिकोण. मुलं म्हणाली, आयताचा तुकडा अर्धा, त्रिकोणाचा नाही, कारण तो ‘तसा दिसत नाही’. म्हणजे समान भाग म्हणजे सारख्या आकृतीचे भाग, असं मुलांनी धरलं होतं. समान म्हणजे सारख्या क्षेत्रफळाचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने हे तिच्या पानाखाली लिहिलं. तिने आपला पाठ पुन्हा बांधला: आधी दादाचा मोठा तुकडा, मग कागद, मग त्रिकोण कापून आयतावर बसवून दाखवणं, आणि पाव, अर्धा, पाऊण हे शब्द त्यानंतर.

अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात ज्याला विषयाचं अध्यापनज्ञान म्हणतात, ते हेच. ली शुलमन यांनी १९८६ साली ही कल्पना मांडली. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती येणं वेगळं, आणि या विषयात मूल नेमकं कुठे अडतं, तिथे कोणतं उदाहरण धरून त्याला पुढे न्यायचं, हे तिसरंच ज्ञान. ते शिक्षकाच्या हाताला वर्गात लागतं आणि लिहून ठेवलं नाही तर तिथेच सांडतं. २०१५ पासून आपलं बी.एड. दोन वर्षांचं झालं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी त्यात शाळेतला काळ वीस आठवड्यांचा ठेवला, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे रोज मुलांसमोर! एवढ्या दिवसांत एका वर्गाचे छात्राध्यापक मिळून मुलांचे किती प्रश्न ऐकत असतील. त्यातला एकही प्रश्न पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिक्षकाने शिक्षकासाठी लिहायचं, हे आपल्याकडे परक्या देशातून आलेलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी निघणारं ‘शालापत्रक’ त्यांनी आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी चालवलं. गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक एका शिक्षकाच्या वर्गातल्या प्रयोगांची हकिकत म्हणूनच लिहिलं, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचं काम करताना आपले अनुभव सतत लिहून ठेवले. त्यांना छापखाना लागत होता, टपाल लागत होतं. आज ते सगळं खिशात आहे.

आणि शिक्षकांच्या शिक्षणात वेबची पानं आली ती मुळात सजावटीसाठी नव्हती. १९९५ साली अमेरिकेत सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नी डॉज भावी शिक्षकांना शिकवत होते. टॉम मार्च यांच्यासोबत त्यांनी ‘वेबक्वेस्ट’ नावाचा आराखडा बांधला. पानावर आधी एक खरा प्रश्न, मग करायचं काम, कामाची प्रक्रिया, निवडून दिलेले संदर्भ, मूल्यमापन कशावर होणार ते, आणि समारोप. शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून शिक्षक संदर्भ आधीच निवडतो आणि विद्यार्थ्यांचा वेळ विचार करण्यात जातो. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी शुलमन यांच्या कल्पनेला तंत्रज्ञानाची जोड दिली. २००६ सालच्या त्यांच्या लेखातलं म्हणणं सोपं आहे: तंत्रज्ञान, विषय आणि अध्यापन यांना तीन वेगळ्या तासांत शिकवू नका. शिक्षकाला शिकवण्याची एखादी खरी अडचण द्या, ती सोडवताना साधन त्याच्या हातात आपोआप बसतं.

आपण नेमकं उलटं करतो. संगणक कक्षात एक प्राध्यापक ‘साइट कशी करायची’ हे शिकवतात. गणित अध्यापनाच्या प्राध्यापकांना त्या साइटचा पत्ता माहीत नसतो. मग मुलगी साइटवर काय भरणार? स्वतःचा परिचय, छंद, आवडता शिक्षक, सुविचार आणि फिरती चित्रं. गुण कशाला, तर रंगसंगतीला आणि मेनूला. ती साइट गणिताच्या तासाला उघडली गेली पाहिजे, मराठीच्या तासाला उघडली गेली पाहिजे, आणि पाठानंतर प्राध्यापकांनी आपला अभिप्राय तिथेच लिहिला पाहिजे.

पण आधी प्राध्यापकांची स्वतःची साइट कुठे आहे? अध्यापक महाविद्यालयांची संकेतस्थळं उघडून पाहा. नॅकसाठीचे विभाग आहेत, अहवाल आहेत, दीपप्रज्वलनाची छायाचित्रं आहेत. मूल्यांकनासाठी ते लागतं, मान्य. पण पहिल्या वर्षाच्या मुलीला या आठवड्यात काय वाचायचं, कोणत्या शाळेत जायचं, टाचण कधी दाखवायचं, हे त्यात कुठेच सापडत नाही. ते व्हॉट्सअॅपच्या गटात येतं. सोमवारी आलेली सूचना बुधवारी शुभेच्छांखाली गाडली जाते. मुली वर बोट सरकवत राहतात आणि शेवटी एकमेकींना विचारतात. सगळ्या विषयांना मिळून एक साइट करायला प्राध्यापकांना दोन दुपारी पुरतात. विषयागणिक एक पान, त्यावर आठवड्याचं काम, वाचायचं साहित्य, मागच्या तुकडीतले दोन चांगले आणि दोन फसलेले पाठ. फसलेले मुद्दाम, आणि ज्यांचे आहेत त्यांच्या संमतीने. शिकवायला शिकणाऱ्या माणसाला फसलेला पाठ पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

आता अक्षरांबद्दल. हा विषय क्षुल्लक वाटेल, पण मी यावर भांडायला तयार आहे. अनेक महाविद्यालयांत आजही जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकन होतं. त्या फाइलमधला मजकूर उचलून साइटवर डकवला की ‘घटक नियोजन’ या शब्दांच्या जागी रोमन अक्षरं, चिन्हं आणि स्वल्पविरामांची रास पडते. मग मुलं त्या पानाचा फोटो काढून चढवतात. फोटोतली अक्षरं शोधून सापडत नाहीत, कॉपी होत नाहीत, फोनवर मोठी केली तर फुटतात. आणि दृष्टिहीन छात्राध्यापकाचा फोन ती अक्षरं पानावरच्या मजकुरासारखी सरळ वाचून दाखवत नाही. बी.एड.ला दृष्टिहीन विद्यार्थी येतात. समावेशक शिक्षणावर आपण त्यांच्यासमोर व्याख्यान देतो आणि त्यांनी वाचायचं टाचण फोटोत कोंडून ठेवतो. युनिकोडमध्ये लिहा. ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत. पहिल्या आठवड्यात एवढं शिकवलं तरी पुढची दोन वर्षं सोपी जातात.

लॅपटॉपचं काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. फोनवर गूगल साइट्सची साइट पाहता येते, पण बांधायला संगणक लागतो. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलीकडे फोनच असतो. तिच्यासाठी एक वाट आहे. टाचण गूगल डॉक्समध्ये फोनवर लिहायचं आणि महाविद्यालयाच्या संगणकावर एकदाच ते डॉक्स साइटच्या पानात बसवून घ्यायचं. पुढे एस.टी.त बसून डॉक्समध्ये ओळ बदलली तरी साइटच्या पानावर ती बदलते. मात्र ते डॉक्स वाचणाऱ्यांना खुलं केलेलं हवं, नाहीतर पुन्हा तेच: परवानगी मागा. साइट प्रकाशित केली की दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायची, ही सवय टाचणावर तारीख घालण्याइतकी पक्की व्हायला हवी.

साधनं मरतात हेही आधीच सांगायला हवं. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. जगभरच्या शिक्षकांनी भरभरून वापरलेलं विकिस्पेसेस बंद होत असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. गूगलने २०१६ मध्ये साइट्सचं नवं रूप आणलं आणि जुनं पुढे टप्प्याटप्प्याने बंद केलं. शैक्षणिक संस्थांना गूगलची अमर्याद मिळणारी साठवण जागा २०२२ मध्ये संपली, संस्थेमागे १०० टेराबाइटची मर्यादा आली आणि जुनी खाती साफ करायचा दबाव आला. एका महाविद्यालयात पास होऊन गेलेल्या तुकडीची खाती उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद केली गेली. साइट्स महाविद्यालयाच्या खात्यावर होत्या, त्यामुळे त्याही गेल्या. मुलींना जूनमध्ये मुलाखतीच्या वेळी कळलं. दोन वर्षांचं काम त्यांना कुणी कळवल्याशिवाय गेलं, आणि त्याबद्दल कुणी त्यांची माफीही मागितली नाही. म्हणून छात्राध्यापकाची साइट त्याच्या स्वतःच्या खात्यावरच हवी आणि वर्षातून एकदा सगळं उतरवून घेऊन जवळ ठेवायला हवं. स्वतःचं खातंही दोन वर्षं उघडलं नाही तर गूगल ते पुसू शकतं, हे त्यांना निरोप समारंभात सांगा.

आणि मुलांचे चेहरे. छात्रसेवाकालात काढलेले शाळेतल्या मुलांचे फोटो साइटवर सर्रास येतात: गणवेशातले, नावाच्या पट्टीसह, कधी उत्तरपत्रिकेवरचे गुणही दिसत असतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपण पाठ शिकावा म्हणून त्या मुलांनी आपल्याला त्यांच्या वर्गात येऊ दिलं. त्यांच्या चुका जगासमोर मांडण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. वही दाखवा, हात दाखवा, फळा दाखवा. मुलाचा प्रश्न लिहा, त्याचं नाव लिहू नका.

वर सांगितलेली छात्राध्यापिका आता एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात तिने मला लिंक पाठवली. अपूर्णांकांच्या पाठाचं तेच पान, त्यावर चौथा खर्डा. परवानगी मागावी लागली नाही. पानावर एक फोटो आहे: सतरंजीवर ठेवलेली छोटी तागडी, एका पारड्यात भाकरीचा मोठा तुकडा, दुसऱ्यात लहान, आणि तागडी धरलेला एक सावळा हात. खाली ‘वर्गात काय झालं’मध्ये तिने लिहिलंय: ‘दादाचा तुकडा पाव नाही, पावापेक्षा जास्त आहे, हे मुलांनी वजन करून सांगितलं. मग त्यातला किती काढून कुणाला द्यायचा यावर भांडण झालं. भाकरी संपली, दोन गटांचं राहिलं. उद्या दोन भाकऱ्या न्यायच्या.’